एक रिंग म्हणजे बरं आहे

उर्मिला शिरधनकर यांचा टेलिफोन नंबर नवघर रोडच्या परिसरातल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर छापला गेला. त्यांतलं एकही लग्न त्यांच्या घरचं नव्हतं. नंबराच्या आधी ‘पी.पी.’ अशी अक्षरं असायची. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. भाईंदर पूर्वेला तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ‘गौरीनंदन’ इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शिरधनकरांकडे फोन आला तो १९८८ साली. वरखालच्या बिऱ्हाडांना आणि इमारतीमागच्या बैठ्या चाळीला तो लवकरच आपला वाटू लागला.

उर्मिलाबाईंना त्याचा त्रास झाला नाही. गिरगावातल्या एका खोलीतून त्या इथे आल्या होत्या. तिथे दिवसभर माणसांची वर्दळ असे, इथे दुपारी जिन्यात पाऊल वाजत नसे. फोनमुळे घरात माणसं येऊ लागली. गॅलरीत उभ्या राहून त्या हाक मारत, “अहो गुरव, पुण्याहून!” आणि गुरव हातातला घास टाकून धावत. वाईट बातमीची त्यांची रीत वेगळी होती. तशी हाक त्या गॅलरीतून कधी देत नसत. गॅस बंद करायचा, पदर सारखा करायचा आणि स्वतः जिना उतरून त्या घरी जायचं. दारात गेल्यावर आधी म्हणायचं, “बस जरा.” पुढेपुढे लोकांना ते कळू लागलं. शिरधनकर वहिनी आपल्या पायांनी दारात आल्या की घरातली बाई आधीच भिंतीला हात लावून उभी राही.

त्यांचे यजमान गुणवंत फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून होते. माणूस बुजरा, नियमाने चालणारा. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट नियमाबाहेर केली. ओळखीच्या वायरमनला धरून त्यांनी फोनच्या तारेतून एक फाटा काढला आणि दाराबाहेर, जिन्याच्या भिंतीवर, जादा घंटी बसवली. बायको स्वयंपाकघरात असली तरी फोन आल्याचं चार घरांना कळावं, एवढाच हेतू. फाट्याची तार चौकटीमागून नेऊन वर गिलावा केला. त्याची परवानगी काढलेली नव्हती. गुणवंतांनी बायकोला बजावून ठेवलं, “टेलिफोनवाल्यांना हे कधी सांगायचं नाही. कळलं तर लाईन कापतील.”

२००१ साली गुणवंत गेले. कचेरीतून आले, बूट काढायला वाकले, ते उठलेच नाहीत. त्यानंतर दोनेक वर्षांत इमारतीत मोबाईल आले. जिन्यातल्या घंटीचा आता कोणाला उपयोग नव्हता. दुसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या बिऱ्हाडातलं बाळ तिच्या आवाजाने दचकून उठे. उर्मिलाबाईंनी स्टुलावर चढून घंटीच्या वाटीत फडकं कोंबलं. घंटी मुकी झाली, पण तारेतून सुटली नव्हती. हा फरक लक्षात यावा असं काही उर्मिलाबाई शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ती वस्तू तिथेच संपली.

निरोपाला येणारी माणसं एकेक करून थांबली. शेवटी राहिली एकटी शेवंती.

शेवंती मागच्या चाळीत राहायची. माहेर मंडणगड तालुक्यातलं. नवरा रामू स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हमाल, ती तिथल्याच दुसऱ्या गाळ्यात तयार भांड्यांना कागद गुंडाळायला. गावी तिची म्हातारी आई आणि भाऊ सदू, दोघंच. सदूचं लग्न व्हायचं होतं. गावात फोन होता तो तिठ्यावरच्या, एसटी थांबते तिथल्या दुकानातला. तिथून बोलायचं म्हणजे मीटर पळायचा. म्हणून बहीणभावांनी एक ठरवलं होतं, कोकणातल्या अनेक घरांनी ठरवलं होतं तसंच. सदूने संध्याकाळी दुकानातून फोन लावायचा, एक रिंग वाजू द्यायची आणि ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे बरं आहे. उचलायचं नाही. रिंग वाजत राहिली, तरच उचलायचं. मग बोलण्यासारखं काहीतरी आहे.

आधी हे आठवड्याला एकदा होतं. २००५ च्या दिवाळीत आई अंथरुणाला खिळली, तेव्हापासून दिवसाआड झालं. शेवंती दिवाळीला जाऊन आली होती. आईने तिचा हात धरून एवढंच सांगितलं होतं की शेवटचं पाणी तू घाल. निघताना शेवंतीने भावाला बजावलं, “जरा जरी येगळा दिसला तरी फोन कर. मी रातच्या गाडीत बसतेच.” परत आल्यावर तिने गाळ्याच्या शेटला सांगून ठेवलं आणि एक पिशवी भरून खुंटीला लावली. दोन लुगडी, कंगवा, आईसाठी बिस्किटं. बोरिवलीहून सुटणारी एसटी तिला पाठ होती.

गाळा सुटला की ती गौरीनंदनच्या खाली येऊन वर बघायची.

“वयनी, वाजली का वो?”

“वाजली. एकच.”

“मंग बरी हाय.”

एवढंच संभाषण. सदूला मात्र वाटे, त्या वेळेला बहीण स्वतः फोनपाशी बसलेली असते. कधी उर्मिलाबाई चहाला वर बोलवत, कधी शेवंती काठाला वाकलेलं एखादं भांडं आणून देई. “शेट टाकूनच देनार व्हता. डाळ शिजती ह्याच्यात, तोंड वाकडं असलं म्हनून काय झालं?”

त्याच हिवाळ्यात घरात ब्रॉडबँड आलं. उर्मिलाबाईंचा मुलगा स्वप्नील घरी बसून परदेशी डॉक्टरांच्या आवाजाच्या फायली ऐकून टाईप करायचं काम करत होता. रोज फायली उतरवायच्या, रोज पाठवायच्या. सायबर कॅफेत ते परवडत नव्हतं. फोनच्याच तारेवर नेट चालणार, असं कळल्यावर उर्मिलाबाईंना आधी ते खरं वाटेना. “एकाच तारेतून दोन कामं? मग तुझं चालू असताना सदूची रिंग कशी येणार?”

“येणार ग आई. फोन वेगळा, नेट वेगळं. मध्ये डबी बसवतात.”

डबी बसली, मोडेम बसला, दिवे लुकलुकू लागले. आणि घोटाळा सुरू झाला. फोन वाजला की नेट तुटायचं. तुटलं की निम्मी उतरलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून. शिवाय फोनही नीट वाजेना. कोणाचाही आला तरी एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. धावत जाऊन उचलला तर खरखरीतून माणसाचा आवाज यायचा. उर्मिलाबाईंची बहीण परळहून चिडून म्हणाली, “तुझा फोन उचलला जातो, आणि तू बोलतच नाहीस.”

नेमकं त्याच्या थोडं आधी सोसायटीने इमारत रंगवली होती. रंगाऱ्यांनी जिन्याच्या भिंती पाण्याने धुतल्या, घासल्या आणि वरून पिवळा रंग मारला. घंटीवरही. पाणी तिच्या पोटात गेलं असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

स्वप्नीलने तक्रारीचा नंबर लावला. तो कितीतरी वेळ लागतच नसे. लागला की पलीकडची मुलगी शांतपणे विचारी, “सर, मोडेम का कौनसा लाइट ब्लिंक हो रहा है?”

“दूसरावाला. वो बंद होता है, फिर चालू होता है.”

“एक बार मोडेम बंद करके चालू कीजिए.”

“मॅडम, सकाळपासून मी तेच करतोय!” तो वैतागून मराठीवर यायचा.

त्याने डबी बदलली, तार बदलली, मोडेम बाजूच्या खोलीत नेऊन पाहिला. मित्राने सांगितलं म्हणून फोनचं यंत्र नवीन आणलं. फरक पडला नाही. आईवर तो चिडे ते त्या संध्याकाळच्या रिंगवरून. “त्या सदूला सांग, दुसरं काहीतरी कर म्हणावं. त्याची एक रिंग होते आणि माझा अर्धा तास जातो.”

“त्याची आई मरायला टेकलीय. तुझा अर्धा तास गेला तर जाऊ दे.”

जानेवारीत लाईनमन आला. दशरथ नाव, पन्नाशीकडे झुकलेला, कमरेला पक्कड आणि खांद्याला टेस्टिंगचा फोन. स्वप्नील त्या दिवशी मालाडला मुलाखतीला गेला होता. दशरथने खाली डबा उघडला, घराची तार सोडवली, आपला फोन लावून पाहिला. रिंग पूर्ण वाजत होती. तो वर आला.

“मावशी, लाईन एकदम ओके आहे. लफडा तुमच्या घरात आहे.”

त्याने फोन काढला, मोडेम काढला, भिंतीतल्या सॉकेटला स्वतःचा फोन जोडला आणि मोबाईलवरून एक्स्चेंजमधल्या सहकाऱ्याला रिंग द्यायला सांगितलं. एकदा वाजला आणि थांबला. दशरथने भिंतीकडे पाहिलं, मग उर्मिलाबाईंकडे.

“घरात अजून कुठे जोड आहे काय? पॅरलल फोन, बेल, असं काही?”

“नाही.”

“नक्की?”

“अहो, दोन खोल्यांचं घर. असणार कुठे?”

घंटीची आठवण त्यांना झाली नाही असं नाही. ती झाली आणि तिच्या पाठोपाठ गुणवंतांचा आवाजही आठवला. शिवाय घंटी तर बंदच होती. बंद वस्तूपायी लाईन कापून घ्यायची, तीही शेवंतीची आई अशी असताना, हे त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. फोन राहावा म्हणून त्या खोटं बोलल्या.

दशरथने सॉकेट बदललं, तारांची टोकं खरवडून साफ केली. पुन्हा रिंग मागवली. या वेळी फोन वाजत राहिला. घंटीने त्या घटकेला खोडी केली नाही, एवढंच. तो चहा पिऊन गेला. “आता वाजेल. नाय वाजला तर बोलवा.”

पुढचे काही दिवस फोन खरंच नीट वाजला. बहिणीचा आला, स्वप्नीलच्या मुलाखतवाल्यांचा आला. त्यांनी त्याला घेतलं नव्हतं, पण आवाज स्वच्छ होता. उर्मिलाबाई निश्चिंत झाल्या.

मग तो रविवार आला. संध्याकाळी त्या गॅलरीत मेथी निवडत होत्या. स्वप्नील आत कानाला हेडफोन लावून टाईप करत होता. फोन एकदा वाजला आणि थांबला. सदूचीच वेळ होती. उर्मिलाबाईंनी मेथीवरून मान वर केली नाही.

आतून स्वप्नील ओरडला, “गेलं! परत गेलं नेट!”

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. एकदाच. पाच मिनिटांनी आणखी एकदा. या खेपेला उर्मिलाबाई उठून फोनपाशी गेल्या होत्या. त्यांचा हात रिसीव्हरवर होता.

“उचल ना मग, काय म्हणतोय बघ तरी!” स्वप्नील म्हणाला.

“कशाला? उचलला तर बिचाऱ्याचा मीटर पडेल.” त्यांनी हात मागे घेतला.

शेवंती खाली आली तेव्हा त्या हसतच गॅलरीत आल्या. “आज तीनदा वाजली ग! तुझा भाऊ लाडात आलाय.”

“तीनदा?” शेवंतीही हसली. “येडाच हाय तो. आय उटून बसली आसंल. दिवाळीला गेलते तवा सुक्या कोलमाचा कालवान मागत व्हती, माज्या हातचा.”

“मग आता जरा निवांत हो. नुसती गाडी गाडी करत असतेस.”

“व्हय. शेट बी कावलाय. आता शिमग्यालाच जाते, आठ दिस ऱ्हाते.”

घरी जाऊन तिने खुंटीची पिशवी उतरवली. बिस्किटं नरम पडायला आली होती, ती रामूला चहाबरोबर दिली.

बातमी आली मंगळवारी, गाळ्यात. शेवंतीच्या गावचा एक माणूस गाळ्यांच्या त्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला होता. तो रजेवरून त्या सकाळी परतला आणि कामावर चढण्याआधी तिच्यापाशी आला. त्याला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. “माती आटपून आलो,” तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबला.

तिची आई रविवारी रात्रीच गेली होती.

पुढचं त्याने सांगितलं ते अडखळत. सदूने फोन केला होता. एकदा नव्हे, तीनदा. “तू उचललास म्हनं. तो वरडत व्हता, आय जाते, निघ लगेच. तू हूं की चूं केला न्हायस. साऱ्या दुकानानं बगितला, मीटर चालू व्हता.”

शेवंती तशीच निघाली. हाताला कागदाचे कपटे, केसांत कपटे, भर दुपारी ती गौरीनंदनचा जिना चढून आली.

“वयनी, त्या दिशी फोन उचलला कुनी?”

“कोणीच नाही ग. का?”

“न्हाय उचलला ना? आटवून सांगा.”

“नाही उचलला. तीन वेळा एकेक रिंग वाजली. माझ्यासमोर.”

“मंग सदू खोटा बोलतो,” शेवंती म्हणाली. नंतर आई गेल्याचं सांगितलं.

उर्मिलाबाई ‘बस जरा’ म्हणाल्या, पण ते म्हणण्याची वेळ उलटून गेली होती. शेवंती बसली नाही.

ती त्या रात्रीच्या गाडीने गेली आणि दिवसकार्य पुरतं व्हायच्या आधी परत आली. गावात बहीणभावांचं भांडण झालं होतं, भावकीच्या देखत. ती म्हणाली, तू एकेक रिंग मारून बसलास, आई मरताना तुझा आळस गेला नाही. तो म्हणाला, तू फोन कानाला लावून गप्प बसलीस, रजा मिळणार नाही म्हणून आईला मरू दिलंस. दोघांनीही आपल्याला खरं वाटलं तेच सांगितलं होतं. परतल्यावर शेवंती उर्मिलाबाईंना म्हणाली, “माजा माहेर संपला, वयनी. आय गेली आन् भाव बी.”

उर्मिलाबाईंना त्या वाक्याने झोप येईना. सदूला त्या कधी भेटल्या नव्हत्या, पण साऱ्या दुकानाने मीटर पाहिला होता. आणि परळची बहीण महिन्यापूर्वी हेच तर म्हणाली होती, उचलतेस आणि बोलत नाहीस.

एके सकाळी स्वप्नील बाहेर गेल्यावर त्यांनी घराला कडी घातली आणि समोरच्या बिऱ्हाडातून मोबाईल मागून घेतला. जिन्यात उभं राहून स्वतःचा नंबर लावला. बंद दारामागे फोन एकदा वाजला आणि थांबला. मोबाईलवर मात्र कोणीतरी उचलल्यासारखं झालं. खरखर ऐकू येऊ लागली. पडद्यावर सेकंद पुढे सरकू लागले.

“हॅलो,” उर्मिलाबाई म्हणाल्या. आपण कोणाला हॅलो म्हणतोय ते त्यांना माहीत होतं. घरात कोणी नव्हतं.

त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा लावला. या वेळी डोक्याशेजारच्या भिंतीतून कट्ट असा बारीक आवाज आला. पिवळ्या रंगाखालच्या घंटीतून. फडक्यात दाबलेला तिचा दांडा एकदा हलला होता.

दशरथला त्यांनीच बोलावलं आणि काही विचारायच्या आत जिन्यात नेऊन बोट दाखवलं. त्याने स्क्रूड्रायव्हरने रंगाचा पापुद्रा फोडला, झाकण काढलं. आत गंज चढला होता.

“ही बघा. रिंग आली की ही आतल्या आत शॉर्ट मारणार. एक्स्चेंजला वाटणार, पब्लिकने फोन उचलला. मग रिंग बंद, मीटर चालू.” त्याने दोन्ही तारा कापल्या आणि टोकांना चिकटपट्टी लावली. “झालं. दोन मिनिटांचं काम. मी विचारलं होतं ना मावशी तुम्हाला?”

“विचारलं होतंत.”

“मग?”

“लाईन कापतील असं आमच्या ह्यांनी सांगून ठेवलं होतं.”

“कधी?”

“अठ्ठ्याऐंशी साली.”

दशरथला हसू आलं. “आता कोण कापतंय, मावशी? लोक स्वतः येऊन फोन परत करतायत. घ्या म्हणतात, नको आम्हाला. तुमच्या बेलला कोण विचारतो?” समोरची बाई हसत नाही हे पाहून त्याने पक्कड पिशवीत टाकली आणि चहाला न थांबता गेला.

त्या दिवसापासून स्वप्नीलचं नेट एकदाही तुटलं नाही. तो खूश होता. आईने जेवण का टाकलंय, ते त्याला कळलं नाही आणि तिने सांगितलंही नाही.

मागच्या चाळीपर्यंत जायला उर्मिलाबाईंना त्यानंतर बरेच दिवस लागले. अंतर हाकेचं होतं. रोज संध्याकाळी गॅलरीतून त्यांना शेवंती कामावरून येताना दिसायची. ती आता वर बघत नव्हती. न सांगितलं तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. घंटीच्या तारा कापलेल्या होत्या. आई परत येणार नव्हती. पण भाऊ जिवंत होता, आणि त्याच्याबद्दल त्याची बहीण जे बोलत होती ते खोटं होतं. हे साऱ्या नवघरात एकट्या उर्मिलाबाईंना माहीत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि जिना उतरल्या.

शेवंती मोरीशी भांडी घासत होती. दारात त्यांना बघून ती ताडकन उठली. ओला हात भिंतीला टेकला.

“आता कोन?”

“कोणी नाही ग. सगळे बरे आहेत. मी सांगायला आलेय, मीच.”

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. घंटी, रंगाऱ्यांचं पाणी, लाईनमनचा प्रश्न, आपलं उत्तर. शेवंतीने मध्ये थांबवलं नाही. संपल्यावर एकेक गोष्ट नखाने टोकरावी तसं विचारू लागली.

“म्हंजे फोन कुनी उचललाच न्हाय?”

“नाही.”

“तरी सदूला वाटला, उचलला?”

“हो.”

“आन् तो वरडत व्हता ते?”

“ते कोणालाच ऐकू आलं नाही. मी रिसीव्हर उचलला असता तर आलं असतं. हात ठेवला होता मी त्याच्यावर.”

“घंटीमुळं.”

“घंटीमुळे. आणि त्या माणसाने विचारल्यावर मी नाही म्हटलं म्हणून.”

शेवंती खाली बसली. अर्धवट घासलेलं पातेलं तिने पुढे ओढलं, पुरतं घासलं, विसळलं, उपडं घातलं. रामू बाहेरून येऊन दारात थांबला आणि दोघींना बघून पुन्हा बाहेर गेला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मना सांगून काय करू? ह्ये सदूला सांगा.”

दोघी वर आल्या. उर्मिलाबाईंनी तिठ्यावरच्या दुकानाचा नंबर लावला आणि सदूला बोलवायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा लावला तेव्हा तो दुकानात येऊन थांबला होता. त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि शेवंतीला सांगितलं होतं तेच सगळं त्याला सांगितलं, त्याच क्रमाने. स्वतःला कुठे सोडलं नाही. पलीकडून मधूनमधून फक्त “हां” येत होतं. शेवटी सदू म्हणाला, “बरं.” आणि मग, “शेवंती हाय काय तितं?”

शेवंतीने रिसीव्हर घेतला. फोनचा आवाज मोठा होता, शेजारी उभ्या असलेल्या उर्मिलाबाईंना सगळं ऐकू येत होतं. शेवंतीनेच आधी विचारलं, “लय तरास झाला का रं तिला?”

“तरास न्हाय. पन सुद व्हती शेवटपावत. दुकानातना घरी गेलो, तशी इचारते, फोन केलास? म्हटला केला. शेवंती निगाली? म्हटला निगाली. गाडीत बसली.”

“आसं सांगितलास?”

“मंग काय सांगू? फोन उचलून गप बसली, ता सांगू?”

सदू पुढे सांगू लागला.

“तर आय म्हनते, रातची उतरंल, काळोखात एकटी कशी येनार? बॅटरी घेवन तिट्यावर जा. मी जाईना. तर परत तेच. जा, ती भियाची. सारखी तेच. मंग उटलो. तिच्या देखत बॅटरी घेतली, चपला घातल्या आन् भायेर पडलो. न्हाय गेलो तर तिला कळला आसता, तू येनार न्हायस.”

“गेलास तिट्यावर?”

“गेलो. तितं जावन बसलो उगाच. गाडी आली तिची तिची आन् गेली. परत आलो, तर आय गेलेली.”

उर्मिलाबाई मागे सरून खुर्चीवर बसल्या.

“म्हंजे तिच्यापाशी...” शेवंतीने विचारलं.

“कोन नवता,” सदू म्हणाला.

त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही.